डोळ्यांना दिसेल असे काही

लुंगथान, नानजिंग
२ मार्च २०१४

गुरुबंधू ब्येन युंगहाय यांस,
हातोडा खाली ठेवून नमस्कार.

गेल्या वर्षभरात आपल्याला पत्र लिहिण्याचे कारण पडले नाही. आजही माझे स्वतःचे असे कारण नाही. एक व्यवहाराची बाब उपस्थित झाली आहे, आणि आपण हफेइ शहरी मुलाकडे राहावयास गेल्यामुळे ती आपल्या वाट्याला येते, इतकेच.

टेलिफोन का केला नाही, असे आपण विचाराल. टेलिफोनवर माणूस ओरडतो, आणि ओरडलेले वाक्य पुन्हा वाचून दुरुस्त करता येत नाही. मी चौथी उत्तीर्ण आहे, आपण तिसरी. पत्रव्यवहारास तेवढे पुरेसे आहे.

बाब अशी. गावामागच्या टेकडीवरून रुंद रस्ता जाणार असून टेकडीवरील सर्व कबरी येत्या एप्रिलातील छिंगमिंगच्या सणापर्यंत हलवाव्यात, अशी सूचना आली आहे. छिंगच्या आईची कबर वरच्या रांगेत, कापराच्या झाडाखाली आहे. अस्थिकलश बाहेर निघताना त्याच्यावर उघडे आकाश पडू द्यावयाचे नसते. पोटच्या अपत्याने वर काळी छत्री धरावयाची असते. नवऱ्याने धरलेली चालत नाही, हे मी दोन वृद्धांना विचारून पक्के केले. मला एकच अपत्य आहे, छिंग.

आणि ते अपत्य घरी येत नाही. का येत नाही, हे आपण जाणता. किंबहुना त्यास आपणच कारण आहात. तरीही नोंद बरोबर असावी म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी नववर्षाच्या वसंतोत्सवाआधी छिंगच्या हफेइमधील विद्यापीठातून एक दिनदर्शिका आली. तिच्यावर ती ज्या यंत्रावर काम करते त्याचे नाव छापलेले होते. त्यातील पहिले अक्षर मला उत्तम येत होते: झाडणे. कबर झाडण्याच्या सणात असते तेच. पुढे बोगदा. हफेइमध्ये भुयारी रेल्वेचे काम चालू आहे आणि वर्तमानपत्रात ते अक्षर रोज येते. शेवटचे अक्षर आरसा. मधली अक्षरे चौथीनंतरची असावीत. झाडणे, बोगदा, आरसा: कोणताही साक्षर माणूस यावरून जो निष्कर्ष काढील तोच मी काढला, की माझी कन्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांची आरशाने तपासणी करणारी अधिकारी आहे. मी ते गावच्या सार्वजनिक स्नानगृहात चार माणसांसमोर सांगितले. आपण कमरेला पंचा गुंडाळून बसला होता. आपण म्हणालात, "आरसा कशाला, दादा? बोगदा झाडून झाला की तोंड किती काळं झालंय ते बघायला!"

त्या दिवसापासून स्नानगृहात माझे नाव बोगदेसाहेब पडले. ते मी सहन केले असते. परंतु वसंतोत्सवाच्या आदल्या दिवशी छिंग माझा कोट घेऊन स्नानगृहाच्या दाराशी आली, आणि अंग चोळणारा फू तिला म्हणाला, "काय गं पोरी, झाडून आलीस का बोगदा?"

ती म्हणाली, "फूकाका, तिथं बोगदा नाही नि झाडूही नाही. एक सुई आहे. सुईच्या टोकाखाली मी उजेड पाडते."

"मग दाखव की आम्हाला."

"तो डोळ्यांना दिसत नाही, काका."

यावर आपण मांडीवर थाप मारून म्हणालात, "नसलेला बोगदा नि न दिसणारा उजेड! दादा, पोरगी शून्याची मोठी साहेब झाली हो!" सर्व हसले. तीही हसली. ते मी पाहिले.

घरी आल्यावर मी तिला एकच वाक्य सांगितले: "डोळ्यांना दिसेल असे काही घेऊन ये, तोवर येऊ नकोस." वाक्य निर्दोष होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. तेव्हापासून ती आलेली नाही. गेल्या छिंगमिंगलाही मी एकट्यानेच कबर झाडली. दिलेला शब्द ती अक्षरशः पाळते. हा गुण तिने कोणाकडून घेतला हे सांगावयास नको, आणि मला त्याचा अभिमानच वाटतो.

शब्द मागे घेण्याचा प्रश्न नाही. परंतु आपल्या धंद्यात एक नियम आहे, तो आपण विसरला नसाल. सोन्याचा वर्ख ठोकताना वरचा हात घाव घालतो, तो खाली पाहत नाही. खालचा हात काळ्या कागदांची गड्डी फिरवतो, कोपरा उचलून वर्ख कितपत पसरला ते पाहतो. गुरुजी म्हणत, "खालच्या हाताने पाहिले ते वरच्या हाताने पाहिले." तीस वर्षे आपण माझा खालचा हात होता. आपण "झाला" म्हणालात की मी हातोडा थांबवला. कधी वाकून खात्री केली नाही.

तेव्हा आपण तिच्या प्रयोगशाळेत जावे, तो उजेड पाहावा आणि मला एक शब्द लिहून कळवावा: पाहिले. म्हणजे अट पुरी झाली असे होईल आणि ती सणाला येऊ शकेल. मी पाठवले आहे हे तिला सांगू नये.

लोभ असावा असे लिहिण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

कुआंग देशौ


लुंगथान
१२ मार्च २०१४

गुरुबंधू ब्येन यांस नमस्कार.

आपले पत्र पोचले. "चांदी" या अक्षरातील एक रेघ आपण सर्वत्र गाळली आहे. चांदीचे काम केलेल्या माणसाला हे शोभत नाही.

आपण गेलात, याची नोंद घेतली. परंतु आपण मनुष्य सरळ उत्तर देणारे नाही. मी एक शब्द मागितला होता, आपण सहा पाने पाठवलीत आणि त्यांत तो शब्द नाही. आपण लिहिता:

"दादा, दारातच पायात निळ्या पिशव्या घालायला लावल्या. आत पोलादाचं एक धूड, भट्टीसारखं, पण गार. तेही स्प्रिंगांवर टांगलेलं, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी सुई हलते म्हणे. मला एकदा खोकला आला तर तिथल्या पोरांनी असं पाहिलं माझ्याकडे, जणू मी कुणाच्या मयताला शिट्टी मारली. मला आपली वर्खाची खोली आठवली. तिथं तरी वेगळं काय होतं? तुम्ही मला शिंकू द्यायचा नाहीत."

शिंकू देत नव्हतो हे खरे आहे, आणि योग्यही होते. शिंकेसरशी दिवसाचा वर्ख भिंतीवर जाऊन बसतो.

पुढे आपण बोगद्याविषयी लिहिले आहे, ते मी लक्षपूर्वक वाचले. आपण तिला विचारलेत, "पोरी, नावात बोगदा आहे तर बोगदा कुठाय?" आणि ती म्हणाली, "काका, सुई खालच्या चांदीच्या तुकड्याला टेकत नाही. मध्ये फट असते, एखाददुसरा कण मावेल एवढी. फट म्हणजे विजेला भिंतच. भिंतीला भोक नाही, तरी थोडी वीज पलीकडे निघते. आत शिरताना कुणी बघितलं नाही, बाहेर पडलेली मात्र सापडते. म्हणून म्हणायचं बोगदा."

म्हणजे बोगदा आहे. खणलेला नाही इतकेच. मी स्नानगृहात बोललो ते सर्वस्वी चूक नव्हते, हे आपण तेथे हजर असलेल्या मंडळींना कळवावे. झाडण्याविषयीही तिने सांगितले ते मी नोंदवून घेतले आहे: सुई चांदीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने फिरते, अंगण झाडावे तशी. म्हणजे तेही आहे.

उजेडाचा भाग मात्र आपण घाईने लिहिला आहे. आपल्या शब्दांत: "बहुतेक वीज सरळ पलीकडे जाते. एखादीच वाटेत अडखळते नि तिच्या ओंजळीतलं थोडं सांडतं. जे सांडतं त्यानं चांदीच्या आत लाट उठते. आपल्या वर्खावर फुंकर घातली की कशी लहर जाते, तशी. ती लहर सुईखालच्या फटीत कोंडते, नि तिथून उजेड होऊन बाहेर पडते." हे तिचे शब्द की आपले? वर्खाची उपमा तिची असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ती लहानपणी खोलीच्या दाराशी श्वास रोखून उभी राहत असे. मला वाटे, तिला कंटाळा येतो.

त्या दिवशी यंत्र थंड होत होते म्हणून उजेड पाहावयास मिळाला नाही, हे कारण मान्य आहे. पुन्हा जावे.

आपण सहज आलो असे तिला सांगितलेत आणि ती म्हणाली, "काका, तुम्ही सहज कुणाकडे चहालाही जात नाही. बाबांनी पाठवलंय ना?" यावर आपण गप्प राहिलात, म्हणजे सांगितल्यासारखेच झाले. असो.

ती बारीक झाली आहे, असे आपण लिहिले आहे. प्रकृतीविषयी मी विचारले नव्हते. परंतु आता लिहिलेच आहे, तर अर्धवट ठेवू नये. काय खाते, कोठे खाते, हे पुढील पत्री सविस्तर लिहावे.

कुआंग देशौ


लुंगथान
२२ मार्च २०१४

गुरुबंधू ब्येन यांस नमस्कार.

दुसरे पत्र मिळाले. रेघ आली आहे.

ती विद्यापीठाच्या खानावळीत शेवया खाते आणि पुष्कळदा त्याही यंत्राशेजारी उभ्याने खाते, हे वाचले. आपल्या सूनबाईंनी खारवलेल्या बदकाचा डबा दिला, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा. आपल्याला नव्हे, त्यांना.

आता मूळ मुद्दा. या खेपेस यंत्र चालू होते, उजेड पडला, आपण तेथे उभे होता. तरीही आपण "पाहिले" लिहीत नाही. आपण लिहिता:

"दादा, मी काय पाहिलं ते सांगतो, तुम्हीच ठरवा. एका पडद्यावर चार पाकळ्यांचं फूल दिसलं. छिंग म्हणाली, हा निळ्या रंगाचा एक कण, बसगाड्यांना लावतात त्याच जातीचा. सुई त्याच्या पाकळीवर आणली. दुसऱ्या पडद्यावर एक रेघ होती, ती एका जागी टेकडीसारखी वर आली. पोरं खूश झाली. छिंग म्हणाली, काका, हा त्याचा उजेड, तांबडा. मी म्हटलं, निळ्यातून तांबडा? म्हणाली, हो. मी म्हटलं, कुठाय? म्हणाली, ती टेकडी. मी म्हटलं, पोरी, टेकडी मला कळते, पण तांबडं काही दिसलं नाही. ती म्हणाली, रंग डोळ्यांना दिसणारा आहे, काका, पण आहेच इतका थोडा की डोळ्यापर्यंत पोचत नाही. यंत्राचा डोळा कण कण मोजतो, तेव्हा कळतं."

मग आपण तिला म्हणालात, "मी आपलं दिसलं असं लिहू का तुझ्या बापाला? म्हाताऱ्याचं समाधान." आणि ती म्हणाली, "नाही, काका. दिसलं नाही ते दिसलं नाही. खोटं लिहिलंत तर मी येणार नाहीच, नि तुमच्या घरचं बदकही खाणार नाही."

गुरुबंधू, आपण दोघेही मला अडचणीत आणीत आहात. गुरुजींच्या नियमात पडद्याचा उल्लेख नाही हे मी मान्य करतो. तेव्हा पडदे नव्हते. परंतु टेकडी दिसली की नाही? ती टेकडी उजेडाची की नाही? मग "पाहिले" लिहिण्यात खोटे काय? आपण आयुष्यभर थट्टा करीत आलात, कोणत्याही गोष्टीला दुसरी गोष्ट म्हणालात, आणि आता एका शब्दासाठी साधू होऊन बसलात.

मिठाचा मजकूर समजला. तो कण चांदीवर थेट बसवला तर उजळत नाही. त्याच्या अंगात जे येते ते चांदीच गिळून टाकते. म्हणून मध्ये दोन-तीन कणांइतका मिठाचा पातळ थर द्यावा लागतो, तेव्हा कोठे तो आपला उजेड आपण देतो. आपण याला आपल्या काळ्या कागदाची उपमा दिलीत ती बरोबर आहे. कागद नसेल तर वर्खावर वर्ख चिकटून पुन्हा गोळाच होतो.

मात्र त्यापुढे आपण तिला म्हणालात, "पोरी, तुझा बाप म्हणजे चांदीच. त्याला चिकटून कोण उजळणार?" हे वाक्य पत्रात उतरवण्याची आवश्यकता नव्हती. ते मी तीनदा वाचले, ते केवळ आपले अक्षर लागेना म्हणून. ती त्यावर हसली नाही असे आपण लिहिता. बरे झाले. काय म्हणाली, ते लिहिलेले नाही.

गावामागच्या टेकडीवर माणसे आपापल्या कबरींना, वारस असल्याची खूण म्हणून, लाल फिती बांधून जात आहेत. वरच्या रांगेत आता बिनफितीच्या मोजक्याच उरल्या. छत्री आणली आहे, नवीन, आठ काड्यांची.

सण जवळ आला. पुन्हा जावे आणि पाहावे.

कुआंग देशौ


लुंगथान
३० मार्च २०१४

ब्येन युंगहाय यांस,

आपले तिसरे पत्र आज दुपारी आले. एकच पान. थट्टा नाही. म्हणून समजलो की प्रकरण गंभीर आहे.

आपले म्हणणे असे: "दादा, हे थांबवा. पोरगी रोज सुया मोडतेय. उजेड डोळ्याला दिसायला हवा तर वीज जास्त सोडायला हवी, नि जास्त सोडली की सुईचं टोक जातं, खालचा कणही उडून जातो. टोक कसं असतं माहीत आहे? अगदी शेवटाला एकच कण. ते जमवायला दिवस जातात. तिथली पोरं मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, मॅडम एवढा जोर का लावतात? आमचं चांगलं चाललं होतं, आमच्या टेकड्या सुरेख येत होत्या, आता आठवडाभर एक धड टेकडी नाही. मी तिला विचारलं, पोरी, कशासाठी? म्हणाली, सणाआधी दिसेल असं करते, काका. बाबांच्या शब्दात पळवाट नाही."

माझ्या शब्दात पळवाट नाही, हे ती बरोबर बोलली. मी वाक्ये तशीच करतो.

सुया मोडत आहेत, हे मला ठाऊक नव्हते. मी डोळ्यांना दिसेल असे काही मागितले होते. सुया मोडावयास सांगितले नव्हते. आपल्या खोलीत घाईने घाव घालणाऱ्याच्या हातचा वर्ख चिरत असे आणि त्यास गुरुजी बाहेर बसवीत. तिला बाहेर बसवणारे तेथे कोणी नाही काय? तिच्या वरिष्ठांनी काही बोलावयास हवे. मी बोलू शकत नाही. मी बोललो तर शब्द मागे घेतल्यासारखे होईल, आणि मागे घेतलेल्या शब्दावर ती आली, तर आयुष्यभर मला आणि तिला दोघांनाही ठाऊक राहील की ती कशावर आली.

आपण लिहिता, "दादा, एकदा 'ये' म्हणा. दोन अक्षरांचंही नाही ते." ते अक्षर मला लिहिता येते. प्रश्न तो नाही.

कबरीला आज मीही फीत बांधली. अधिकारी म्हणाला, "काका, छत्री कोण धरणार आहे? कोणी नसेल तर आमचा माणूस धरतो, तशी सोय आहे." मी सांगितले की सोयीची गरज नाही.

आपण यापुढे तिच्याकडे जाण्याचे कष्ट घेऊ नयेत. आपण आपले काम प्रामाणिकपणे केलेत. दिसले नाही ते दिसले नाही म्हणालात. खालच्या हाताकडून तेवढीच अपेक्षा असते, आणि त्या बाबतीत मी मागील पत्रात जे लिहिले ते अनावश्यक होते.

हफेइला जाणारी सकाळची गाडी किती वाजता सुटते, हे मी स्थानकावर विचारून ठेवले आहे. केवळ माहिती म्हणून.

कुआंग देशौ


लुंगथान
६ एप्रिल २०१४

गुरुबंधू ब्येन युंगहाय यांस नमस्कार.

काल छिंगच्या आईची कबर हलवली. छत्री छिंगने धरली. सर्व यथाविधि झाले.

हे कसे झाले, हे तिच्याकडून आपल्याला कळेलच. परंतु ती सांगताना माझा आवाज काढून दाखवते असे मला आढळून आले आहे, म्हणून आधी मी लिहितो.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी हफेइला गेलो. आपल्या दारावरून गेलो नाही, याबद्दल रोष नसावा. आपण बरोबर आला असता, तर वाटेत बोलला असता.

प्रयोगशाळेच्या दाराशी एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, कोण हवंय?" मी माझे पूर्ण नाव सांगितले. तो आत पळाला. छिंग बाहेर आली. मला पाहून खाली वाकून तिने माझ्या पायांत त्या निळ्या पिशव्या चढवल्या. मी म्हणालो, "मी स्वतः घालू शकतो." ती म्हणाली, "माहीत आहे."

ते यंत्र आपण लिहिलेत तसेच आहे. भट्टीसारखे मात्र नाही. आपण भट्टी नीट पाहिलेली नाही.

तिने मला काचेच्या लहान खिडकीसमोर बसवले आणि खोलीतले सर्व दिवे, पडदेसुद्धा, मालवले. बाहेर दुपार होती आणि आत वर्खाच्या खोलीपेक्षा शांतता होती. म्हणाली, "बाबा, डोळे अंधाराला सरावू द्या." मी बसलो. विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते; त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यांना श्वास घेण्याचे शिक्षण नव्हते. काही वेळाने ती म्हणाली, "सुई पाकळीवर आहे. उजेड आत्ता पडतोय. दिसतंय?"

"नाही."

"थोडी वीज वाढवते. आता?"

"नाही."

गुरुबंधू, मी खोटे बोलू शकलो असतो. काळोखात कोणाला कळले असते? "दिसले" म्हणालो असतो तर अट पुरी झाली असती, तिचे काम झाले असते, माझेही. आणि खरे सांगावयाचे तर एका क्षणी मला काचेपलीकडे काहीतरी तांबूस असल्यासारखे वाटलेही. पण माझ्या डोळ्यांचे आता वय झाले आहे आणि ते मला हवे ते दाखवतात. ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती. तिने आपल्याला खोटे लिहू दिले नव्हते.

"नाही," मी म्हणालो.

"अजून वाढवते."

एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "मॅडम, टोक जाईल. कालच बसवलंय."

"जाऊ दे."

तेव्हा मी म्हणालो, "थांब."

"बाबा, अजून थोडंसंच. दिसेल कदाचित."

"नको. सुई राहू दे. नाही दिसत तर नाही दिसत."

ती थांबली. मग काळोखातून तिचा आवाज आला, अगदी सरळ, धडा म्हणून दाखवावा तसा: "'डोळ्यांना दिसेल असे काही घेऊन ये, तोवर येऊ नकोस.' तुमचं वाक्य आहे, बाबा. मला दुरुस्ती नको आहे त्यात. तुम्ही इथवर आलात, मला बरं वाटलं. पण तुम्ही शब्द मोडून मला बोलवाल नि मग रोज जेवताना तो शब्द ताटात बघत बसाल, ते मला नको."

मी म्हणालो, "वाक्य पुन्हा म्हण."

तिने म्हटले.

"मी तुला 'येऊ नकोस' म्हणालो. 'नेणार नाही' असे म्हणालो का?"

काळोखात तिचे स्टूल सरकले.

"म्हणालो का?"

"नाही."

"मग? तू येत नाहीस. मी नेतो आहे."

कोणीतरी विद्यार्थी फिसकन हसला आणि दुसऱ्याने त्याला गप्प केले. दिवे लागायला वेळ लागला. छिंगच दिव्यांपाशी होती, आणि तिने ते लगेच लावले नाहीत. लावले तेव्हा तिने चेहरा पुसलेला होता. म्हणाली, "हे वाक्य तुम्ही कधी शोधलंत?" मी त्याचे उत्तर दिले नाही. आपल्याला सांगावयास हरकत नाही: छुआनज्याव स्थानकाच्या अलीकडे, गाडीत. त्यापूर्वीची सर्व वाक्ये मोडत होती.

तिने सुई वर उचलून सुरक्षित जागी ठेवली. त्यास बराच वेळ लागला आणि मी मध्ये बोललो नाही. मग तिने विद्यार्थ्यांना सोमवारी कोणते काम कोणी करावयाचे ते सांगितले, ठामपणे, एकेकाचे नाव घेऊन. मी दाराशी उभा राहून ऐकले. तिचा हुकूम ते मानतात.

गाडीत तिने मला त्या तांबड्या उजेडाविषयी विचारले, "बाबा, खरंच काहीच नाही दिसलं?" मी म्हणालो की एकदा दिसल्यासारखे वाटले होते, परंतु खात्री नव्हती. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "आम्हीही खात्री नसली की धरत नाही." ती डोके मागे टेकून झोपली.

घरापाशी पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हावयाची होती. मी कुलूप काढले, पिशवी आत ठेवली आणि वळून पाहिले, तर ती उंबऱ्याबाहेरच उभी. मी म्हणालो, "चल ना."

ती म्हणाली, "आपणहून पाऊल टाकलं तर ते येणं होईल."

शेजारीण भांडी घासत होती. तिने घासणे थांबवले. मी बाहेर गेलो, छिंगचा हात धरला आणि तिला आत नेले. हात सोडावयाचा तो उंबरा ओलांडल्यावर, असे मनात ठरवले होते. चूल पेटवावयाची वेळ झाली आणि ती म्हणाली, "बाबा, एका हाताने कशी पेटवू?" तेव्हा माझ्या लक्षात आले.

कुआंग देशौ